चौकशी खिडकीवरची चौथी चिठ्ठी

१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला बावीस दिवस लागले, त्याबद्दल आधी माफी मागतो. आजारी नव्हतो, घाबरू नकोस. पत्रासोबत तू अभ्यासक्रमाची पुस्तिका पाठवलीस. सोबत आलेला कागद वाचल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही ही माझी खोड. रोज दोन पाने, हातात पेन्सिल. एकोणिसाव्या पानावर चष्म्याची दांडी मोडली, त्यात चार दिवस गेले. तेवढ्यात तुला काय वाटले असेल, आबा रागावले की काय, या काळजीने आणखी दोन दिवस काही सुचले नाही.

माध्यम, माहिती आणि तंत्रज्ञान. नाव भारदस्त आहे. पण मला एक सांग. तुमच्या पहिल्या धड्याचे नाव ‘माहिती म्हणजे काय?’ आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या धड्याचे नाव ‘माहिती म्हणजे काय? : एक पुनर्विचार’. म्हणजे तीन वर्षे फिरून माणूस पुन्हा पहिल्याच थांब्यावर उतरणार. आमच्या स्थानकात अशा गाडीला शहर फेरी म्हणत, आणि तिच्यात शहाणी माणसे शेवटपर्यंत बसत नसत.

नववी नापास माणसाने विद्यापीठाला शिकवू नये, हे मला कळते. पण चौतीस वर्षे बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून मी माहिती देण्याशिवाय दुसरे काही केले नाही. खिडकीचा कायदा एवढाच होता: डोळ्यांनी पाहिले असेल तर सांगायचे. नुसते ऐकले असेल तर ‘ऐकले आहे’ असे म्हणून सांगायचे. दोन्ही नसेल तर ‘थांबा, बघून येतो’ म्हणायचे, आणि खरोखर उठून फलाटावर जायचे. संपला अभ्यासक्रम. याला पुस्तिका लागत नाही, गुडघे लागतात.

आता ती खिडकी बंद आहे. काच आहे, काचेमागे तुटक्या खुर्च्या रचल्या आहेत. वर टीव्हीसारखा पडदा लावला आहे आणि त्यातली मशीनची बाई गाड्या सांगते. तिने जन्मात गाडी पाहिलेली नाही, पण आवाज असा की जणू काही स्वतःच चालवून आणली. म्हणून लोक अजून माझ्या बाकाजवळ येतात. मी सकाळी सात ते अकरा तिथे असतो. ‘आबा, बाई म्हणते तीन नंबरला लागली, खरं का?’ मी उठून बघून येतो. निवृत्त होऊन एकोणीस वर्षे झाली, पण बाईवर नजर ठेवायला कोणीतरी हवेच.

घरच्या ग्रुपवर तुझ्या धाकट्या काकाचा धुमाकूळ चालू आहे. काल माणसाच्या तोंडाचा मासा पाठवला. मी नेहमीप्रमाणे खाली लिहिले, ‘पाहिले का? कोणी पाहिले?’ तुझा बाप चिडला. म्हणाला, ‘आबा, सगळ्यांची मजा घालवता तुम्ही.’ मासा खरा निघाला तर त्या माशालाही मजा वाटणार नाही, हे मी बोललो नाही.

पान सत्तावीसवर ‘दूरस्थ निरीक्षण’ असा धडा आहे. दोनदा खूण केली आहे. लांब बसून इथले दिसते, असे काही यंत्र तुमच्याकडे आहे का? असेल तर ते नक्की काय, ते कळव. आणि खोलीतल्या विजेच्या बटणाला ओला हात लावू नकोस.

तुझा,
आबा

२० ऑगस्ट

प्रिय आबा,

चष्म्याची दांडी सुतळीने बांधली असेल तर ती सोडा आणि दुकानात जा. बाबांनी मला फोटो पाठवलाय.

तुमचं पत्र मी मैत्रिणींना वाचून दाखवलं. शहर फेरीवर सगळ्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून भिंतीवर ठोकलं. खरं सांगू का, तुम्ही इथे हवे होतात. माहिती विभागाचं कार्यालय कुठे आहे, हे माहिती विभागात कोणालाच माहीत नाही. दारावरच्या पडद्यावर येतं, ‘कार्यालय : खोली १०४’. १०४ मध्ये झाडू आणि बादल्या. मी तीन दिवस अर्ज घेऊन फिरत होते. शेवटी झाडूवाल्या मावशींनी सांगितलं, ‘ते वर गेले मागच्या वर्षी.’ मी म्हटलं, ‘कोण गेले?’ त्या म्हणाल्या, ‘कार्यालय गं!’

आमचे प्रकल्पाचे सर मात्र फार हुशार आहेत. ते म्हणतात, खरं-खोटं हा जुना प्रश्न झाला. माहिती किती लोकांपर्यंत, किती वेळात, कोणाच्या तोंडून पोचते, हे पाहायचं. मी विचारलं, ‘आणि खोटी असेल तर?’ ते म्हणाले, ‘तर आणखी लवकर पोचते, म्हणून अभ्यासायला सोपी.’ वर्ग हसला. मीही हसले.

दूरस्थ निरीक्षण म्हणजे इथे बसून तिथलं पाहणं. आकाशातून दिसतं सगळं. आत्ता तुम्ही काय करताय तेही मला दिसतंय, तेव्हा गोळी घ्या!

एक काम आहे. थोडे दिवस ग्रुपवर ते ‘पाहिले का?’ लिहू नका ना. महिनाभरच. का ते नंतर सांगेन. बाबाही चिडतात, उगाच घरात वाद. एवढं ऐकाल ना माझं?

तुमची,
भिंगरी

१५ सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तू सांगितल्याप्रमाणे मी ‘पाहिले का?’ लिहिणे बंद केले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. मला वाटले, मैत्रिणींपुढे तुला माझी लाज वाटत असेल. नातवंडांना लाज वाटायचे एक वय असते, तेही आपण होऊन उतरते. त्यामुळे त्यावर मी काही म्हणत नाही.

आज लिहायला बसलो ते वेगळ्या कारणाने. माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. आणि तुझीही फसवणूक झाली आहे. ती तुला अजून माहीत नसेल, म्हणून आधी तुला कळवतो.

गुरुवारी सकाळी सव्वासातला ग्रुपवर तुझा निरोप आला: नदीवरचा पूल आजपासून दुरुस्तीसाठी बंद, पलीकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या स्थानकातून न सुटता जुन्या गोदामापासून सुटतील. मी मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन तीनदा वाचला. बोट ‘पाहिले का?’वर गेले होते, पण तुला शब्द दिलेला. आणि तुझ्या निरोपाच्या खाली शेवटची ओळ होती, ‘मी स्वतः पाहिले आहे.’

तरी मी तुला फोन लावला. तीनदा. तू उचलला नाहीस. पूल तिथून चार किलोमीटर, माझा गुडघा असा. मी विचार केला, एवढ्या लांबून तिने पूल कसा पाहिला? मग आठवले. दूरस्थ निरीक्षण. पान सत्तावीस. तूच लिहिले होतेस की तिथे बसून सगळे दिसते. मी गोळीही त्या दिवसापासून खिडकीजवळ उभा राहून घेतो, तुला दिसावी म्हणून. आता हस. पण मी खरोखर तसे समजत होतो.

मग मी उभा राहिलो आणि चौतीस वर्षांचा जुना आवाज लावला. ‘पलीकडे जाणाऱ्या सर्व प्रवाशांनी जुन्या गोदामाकडे जावे!’ वरून मशीनची बाई म्हणत होती, ‘गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे.’ लोक तिला हसले. चहावाला म्हणाला, ‘ए बाई, गप की जरा, आबा बोलतायत!’ पिशव्या उचलून सगळे निघाले. मी त्यांच्याकडे पाहून, काय सांगू तुला, एकोणीस वर्षांनी छाती फुगवली.

गोदामाजवळ एक कुत्रा होता. गाडी आली नाही. पूल चालू होता. सव्वाआठची गाडी फलाट तीनवरूनच सुटली, जवळजवळ रिकामी, वेळेवर. बाई त्या दिवशी खरे बोलत होती.

बाकीचे पुढच्या गाड्यांनी गेले, शिव्या देत. पण आपल्या गल्लीतली शिंपीणबाई, जिच्याकडे तुझे शाळेचे गणवेश शिवायचो, तिची त्या दिवशी डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती. तुझ्याच शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, साडेदहाला. चार महिने थांबून मिळालेली. ती पोचली दीड वाजता. खिडकीतल्या माणसाने सांगितले, आजचे झाले, पुढची तारीख पाच जानेवारी. उजवा डोळा गेलेलाच आहे, डाव्यावर ती सुई ओवते. घरी आली तेव्हा मी तिच्या पायरीवर बसून होतो. ती म्हणाली, ‘असू द्या आबा, तुम्ही काय मुद्दाम सांगितलं का!’ त्यापेक्षा तिने सुई टोचली असती तर बरे झाले असते.

तो निरोप तुझ्याकडून आला हे मी घराबाहेर कोणाला सांगितलेले नाही, सांगणारही नाही. लोकांना मी ‘ऐकले होते’ एवढेच म्हणालो. तुझ्या नावाने कोणी लबाडाने तो पाठवला असणार. मोबाईलमध्ये घुसतात असे काकाने एकदा पाठवले होते, आणि तेव्हा मी त्यालाही ‘पाहिले का?’ विचारले होते. तू तुझ्या सरांना जाऊन सांग. तिथे एवढी हुशार माणसे आहेत, चोर सापडेल. तू रडू मात्र नकोस.

तुझा,
आबा

२२ सप्टेंबर

प्रिय आबा,

पत्र वाचून कसंतरीच झालं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. अशा गोष्टी होतात हल्ली. कोणी केलं हे शोधणं अवघड असतं, त्यात नका पडू. सरांना सांगितलं मी. ते म्हणाले, ‘फारच रोचक.’

आबा, एक विचारू? चिडू नका. नक्की किती लोक गोदामाकडे गेले? तुम्ही सांगितल्यापासून निघेपर्यंत साधारण किती मिनिटं लागली? कोणी विश्वास ठेवला नाही असं होतं का? त्यांनी तुमचं का ऐकलं, पडद्याचं का नाही, याबद्दल कोणी काही बोललं? तुम्हाला आकडे बरोबर लक्षात राहतात म्हणून विचारते. जमलं तर तक्ता करून पाठवा.

शिंपीणबाईंना माझा नमस्कार सांगा. नाही, नका सांगू.

फोन उचलायला जमलं नाही त्या दिवशी. मोबाईल बंद होता.

तुमची,
भिंगरी

३० सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझे सर चोर शोधायला लागले, हे वाचून धीर आला. त्यासाठीच तू आकडे मागितलेस, हे मी ओळखले. पोलीसही आधी आकडेच विचारतात. तक्ता सोबत जोडला आहे. रेघा पट्टीने मारल्या आहेत.

गेलेले लोक त्रेचाळीस. अंदाजे नव्हे. त्यानंतरच्या दहा दिवसांत मी एकेकाला गाठून माफी मागितली, म्हणून आकडा पक्का. दोघे बोलले नाहीत, त्यांच्यापुढे फुली केली आहे. निघायला लागलेला वेळ सहा मिनिटे. विश्वास न ठेवणारा एक, तो बहिरा होता, त्याने पडद्यावर वाचले आणि सव्वाआठच्या गाडीत एकटा राजासारखा बसून गेला. बाकीच्यांनी पडद्याचे का ऐकले नाही, हे मी सर्वांना विचारले. एकतीस जण एकच म्हणाले, ‘आबा बघितल्याशिवाय सांगत नाहीत.’ हे लिहिताना अक्षर बिघडले, समजून घे.

तुला चिठ्ठीची पद्धत सांगितली होती की नाही, आठवत नाही. आमच्या खिडकीवरून चुकीची माहिती गेली, तर चुकीची दुरुस्ती म्हणून एक चिठ्ठी काचेवर आठ दिवस चिकटवायची. त्यावर चार रकाने: काय सांगितले, खरे काय होते, कोणाला त्रास झाला, सांगणाऱ्याची सही. कोणा साहेबाचा हुकूम नव्हता, माझ्या आधी खिडकीत बसणाऱ्या म्हाताऱ्याने मला ती सवय लावली. तो म्हणे, ‘चूक ज्या काचेतून गेली, त्याच काचेवर तिला बसव. घरी नेऊ नकोस, घरी नेली की ती रोज जेवायला मागते.’ चौतीस वर्षांत माझ्या तीन चिठ्ठ्या लागल्या. तिसरीच्या वेळी तर एका नवऱ्या मुलाचा मामा चुकीच्या गावी लग्नाला जाऊन जेवून आला होता.

परवा मी चौथी लावली. बंद खिडकीच्या काचेवर. स्थानकाचे साहेब म्हणाले, ‘आबा, तुम्ही आता नोकरीत नाही, कशाला हसं करून घेता?’ मी म्हटले, ‘साहेब, चूक नोकरीत नव्हती का?’ काय म्हणालो ते मलाही नीट कळले नाही, पण चिठ्ठी राहिली. हमाल जाता-येता विचारतात, ‘आबा, पूल आहे का आज जागेवर?’ त्यांचे बरोबरच आहे.

बाकी सर्व ठीक. मी नेहमीसारखा बाकावर बसतो. चोर सापडला की कळव. त्याला शिक्षा नको, फक्त येऊन सही करून जाऊ दे.

तुझा,
आबा

८ डिसेंबर

प्रिय आबा,

दोन महिने लिहिलं नाही. परीक्षा, प्रकल्प, सगळं एकदम आलं. खरं कारण तेवढंच नाही, पण ते भेटल्यावर.

बातमी अशी की प्रकल्पात माझा पहिला नंबर आला. विभागाच्या वार्षिक अंकात छापलाही आहे. सर म्हणाले, ‘एवढी स्वच्छ आकडेवारी मी वीस वर्षांत पाहिली नाही.’ तुमचा तक्ता फार उपयोगी पडला, आबा. अंक बाबांना पाठवलाय. तुम्ही वाचायची तसदी घेऊ नका, भाषा फार किचकट आहे.

बाबा म्हणाले, तुम्ही हल्ली स्थानकात जात नाही, दिवसभर घरीच असता. मला तर लिहिलंत की नेहमीसारखं बसता. असं का लिहिलंत?

सुट्टीत येणारच होते, पण सरांनी नव्या प्रकल्पात घेतलंय. यंदा मोठा गट आहे, सबंध शहर.

तुमची,
भिंगरी

२० डिसेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

मी स्थानकात जात नाही, हे तुझ्या बापाने पाहून सांगितले, म्हणून ते खरे. मी तुला खोटे लिहिले होते. तुला काळजी वाटू नये म्हणून. आता असे म्हणू की आपल्या दोघांत खोटे बोलण्याची सुरुवात मी केली नव्हती, पण वाटा मात्र उचलला.

अंक आला. तुझ्या बापाने पेढीवरच्या चार माणसांना घरी बोलावले, मला मध्ये बसवले आणि मोठ्याने वाचायला घेतले. त्याला त्यातले काही कळत नव्हते, त्यामुळे आवाज फार खणखणीत लागला. ‘विषय क्रमांक सात. पुरुष, वय सत्त्याहत्तर, अल्पशिक्षित. समूहातील एकमेव संशयी घटक. प्रयोगाच्या काळापुरता त्याचा संशय भावनिक विनंतीद्वारे निष्क्रिय करण्यात आला.’ चौघांनी माना डोलावल्या. एकाने विचारले, ‘हा सात नंबर कोण?’ तुझा बाप म्हणाला, ‘असेल कोणीतरी बावळट.’ मी पाणी प्यायला उठलो.

पुढे होते, ‘संदेशात विषय क्रमांक सातच्या परिचयाचे खात्रीवाक्य जोडल्यास विश्वास तात्काळ बसतो.’ म्हणजे ‘मी स्वतः पाहिले आहे.’ ते वाक्य माझे होते, भिंगरे. खिडकीत बसून चौतीस वर्षांत जे काही कमावले, ते तेवढेच. तू ते मला न विचारता नेलेस आणि खोट्याच्या शेपटीला बांधलेस.

चोर शोधायला मी तक्ता करून दिला. पट्टीने रेघा मारून. तुझ्या सरांना खरेच ‘रोचक’ वाटले असेल. मांजराने उंदरालाच विचारावे, ‘बिळाचा नकाशा काढून देतोस का?’ आणि उंदराने म्हणावे, ‘रंगीत हवा का?’

रागावलो का? हो. तीन दिवस जेवताना तुझ्या बापाकडे पाहिले नाही, तो बिचारा म्हणतो, ‘आबांना पहिल्या नंबराचा आनंद सोसला नाही.’ त्याला मी काही सांगितलेले नाही. तो अंक त्याने तुझ्या लहानपणच्या फोटोशेजारी उभा करून ठेवला आहे. ते तुझे तू बघ.

पण सात नंबर म्हटल्याचे मला एवढे लागले नाही. अल्पशिक्षित तर मी आहेच. लागले ते शेवटच्या पानावरचे वाक्य: ‘सदर प्रयोगात कोणाचीही हानी झाली नाही.’ खाली तुझी सही, शेजारी सरांची, शेजारी विभागाचा शिक्का. मी ते वाचून दाखवायला पुन्हा सांगितले. तुझ्या बापाला वाटले, मला कौतुक वाटले.

भिंगरे, तुला मी पंधरा सप्टेंबरला लिहून कळवले होते. शिंपीणबाई, डावा डोळा, पाच जानेवारी. तू ते वाचलेस, ‘नमस्कार सांगा, नाही, नका सांगू’ असे लिहिलेस, आणि मग खाली छापलेस की कोणाचीही हानी झाली नाही. पुलाचा निरोप पोरखेळ म्हणून मी एक वेळ पोटात घालीन. हे वाक्य पोटात जात नाही. पूल बंद नव्हता, हे लोकांना तासाभरात कळले. हे वाक्य वाचणाऱ्याला कधी कळणार? त्याच्यावर तर शिक्का आहे.

म्हणून चार महिने न लिहिलेला शब्द आज लिहितो. पाहिले का? कोणी पाहिले? तू पाहिलेस, की सरांनी पाहिले, की तुमच्या त्या आकाशातल्या यंत्राने पाहिले की शिंपीणबाई आता गणवेशाला हात लावून-लावून काजाची जागा शोधते, आणि मागच्या आठवड्यात तिने एका पोराच्या सदऱ्याची बाही उलटी लावली? पोराच्या आईने कपडा तिच्या अंगावर टाकला. मी तिथे उभा होतो. हे मी पाहिले आहे.

आणि आता सबंध शहर म्हणतेस. तुझा पहिला नंबर आला, याचीच मला धास्ती वाटते. नापास झाली असतीस, तर तुझी मी समजूत घातली असती. पहिल्या नंबराची समजूत कशी घालतात, ते मला माहीत नाही. आमच्या काळी खोटे बोलणाऱ्याला निदान घाबरावे लागे. तुम्हाला त्याचे प्रमाणपत्र मिळते.

जास्त लिहिले असेन. लिहून झाल्यावर पत्र दोनदा फाडावेसे वाटले. तू एकटी खोलीत वाचशील, जेवायची नाहीस, असे मनात येते. जेवून घे आणि मग पुढचे वाच.

मला माफी नको. दोन कामे हवीत.

पहिले. पाच जानेवारीला शिंपीणबाई सव्वाआठच्या गाडीने निघेल. दहाला तिथे उतरेल. तिला मोठ्या शहरातले फलाट दिसत नाहीत. तू तिथे उभी राहा, मोबाईल बंद न ठेवता. तिचा हात धरून दवाखान्यात ने, साडेदहाच्या आत. डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर येईपर्यंत बस, आणि तिला तूच घरी घेऊन ये. वाटेत तिला काय सांगायचे, ते मी सांगत नाही. पण पट्टी सोडायच्या आधी सांग. दिसायला लागल्यावर सांगणे सोपे जाणार नाही, तुला.

दुसरे. सोबत एक कोरी चिठ्ठी पाठवतो. चार रकाने आखले आहेत. ती भर आणि तुमच्या विभागाच्या काचेच्या दारावर आठ दिवस चिकटव, जिथे ‘कार्यालय : खोली १०४’ लिहिले आहे त्याच्या शेजारी. काय छापले, खरे काय होते, कोणाला त्रास झाला, सही. सर ‘नको’ म्हणाले, तर त्यांना विचार, माहिती किती लोकांपर्यंत पोचते हेच पाहायचे आहे ना? मग ही पण पोचू द्या. नंबर गेला तर जाऊ दे. झाडूवाल्या मावशींना मात्र पाहायला बोलाव. त्या विभागात बघून सांगणारी ती एकच बाई दिसते.

काल मी जवळजवळ तीन महिन्यांनी स्थानकात गेलो. माझी चौथी चिठ्ठी अजून काचेवर आहे. आठ दिवस कधीच उलटले, कडा पिवळ्या पडल्या, हमालांनी एका कोपऱ्यात हिशोब करून तंबाखू पुसली आहे. मी ती काढायला गेलो होतो. काढली नाही. सांगणाऱ्याच्या रकान्यात एकट्या माझी सही आहे, आणि ते खरे नाही. चुकीची दुरुस्तीच चुकीची ठेवून मी मरणार नाही. माझ्या सहीच्या डाव्या बाजूला बोटभर जागा आहे, तिच्यावर कोणाला काही लिहू देऊ नका म्हणून चहावाल्याला बजावून आलो आहे.

बाकावर बसलो होतो तेव्हा वरून बाई म्हणाली, गाडी फलाट दोनवर लागली आहे. शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. विचारले काहीच नाही. तरी मी उठलो, बघून आलो, आणि म्हणालो, ‘चारवर आहे.’ त्याने आधी वर पडद्याकडे पाहिले. मग चार नंबरकडे गेला.

पाच तारखेच्या आत उत्तर हवे, हो किंवा नाही. शिंपीणबाईला मी अजून काही बोललेलो नाही, ‘ऐकले आहे’ असेही नाही. तुझे पत्र हातात येईपर्यंत तिला काय सांगू? परतीला तिला घेऊन कोणत्या गाडीने निघशील, ते लवकर कळव. मी फलाटावर उभा राहीन. तू उतरलेली पाहिल्याशिवाय मी घरी कोणाला सांगणार नाही.

तुझा,
आबा